इंजिनातली चकमक

आमच्या मोटारीचं इंजिन मी उघडलं ते बाबांच्या मोडलेल्या मनगटामुळे.

बाबा लोणावळ्यात डॉक्टरकी करत. दर मंगळवारी ते मोटार घेऊन आंदर मावळात टाकव्याला जात आणि तिथल्या चावडीत रोगी तपासत. आमच्या जुन्या मोटारीला पुढून हँडल घालून ते झटक्याने वर ओढावं लागे, तेव्हा ती चालू होई. उन्हाळ्याच्या अखेरीस एका मंगळवारी बाबांनी हँडल ओढलं आणि ते उलटं फिरून त्यांच्या हातावर आदळलं. मी व्हरांड्यात उभी होते. बाबांनी डाव्या हाताने उजवा हात धरला, बोटं हलवून पाहिली आणि दुसऱ्याच कुणाचा तरी हात तपासावा तसं म्हणाले, "मोडलं."

काकांनी संध्याकाळपर्यंत निकाल देऊन टाकला: मोटार विकायची. घरातले व्यवहार काकाच बघत. तळेगावच्या एका व्यापाऱ्याने गाडीबद्दल आधीच दोनदा विचारलं होतं.

"मनगट जुळलं तरी हँडल मारण्याजोगं राहणार नाही," काका म्हणाले. "आणि ड्रायव्हर ठेवण्याइतका टाकव्याचा दवाखाना तुला काही देत नाही."

यात खोटं काही नव्हतं. पण मोटार गेली म्हणजे टाकवे बंद, हेही तितकंच खरं होतं. आगगाडीने कान्ह्यापर्यंत जाऊन पुढे औषधांची पेटी घेऊन पायी जाणं बाबांना आता झेपलं नसतं, आणि तिकडच्या माणसांना दुसरा डॉक्टर नव्हता. बाबा भांडले नाहीत. "पावसाळा जाऊ दे," एवढंच म्हणाले. पावसाळ्यात टाकव्याच्या रस्त्यावर चिखल होऊन गाडी तशीही जात नसे.

मी तेव्हा नुकतीच शाळा संपवून घरी आले होते. शाळा इंग्रजी, तीही नन्सची. त्यामुळे घरी सगळे माझ्याशी थोडं जपून बोलत आणि मी सगळ्यांशी त्याहून जपून बोले. मराठीत एखादा शब्द अडला की काका "बोला, मडमबाई" म्हणत. तेव्हापासून शब्द अडण्याआधीच गप्प राहण्याची मला सवय लागली होती. पण हँडल उलटं का फिरलं हा प्रश्न मला गप्प बसू देईना. आपण एका दिशेला फिरवलेली वस्तू आपल्यालाच उलट मारते, म्हणजे आत दुसरं कुणीतरी जोर लावत असणार. कुणी?

मी बाबांना विचारलं. त्यांनाही ते नीटसं माहीत नव्हतं. गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक त्यांनी कपाटातून काढलं, प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवला, मोटारीच्या शेडमध्ये खुर्ची मांडली आणि म्हणाले, "मी वाचतो, तू उघड."

सगळा पावसाळा आम्ही तेच केलं. पत्र्यावर पाऊस इतका वाजे की बाबांना ओरडून वाचावं लागे.

बाबा डॉक्टर असल्याने त्यांना इंजिनात शरीर दिसे. कार्बोरेटर म्हणजे फुप्फुसं, पेट्रोल म्हणजे रक्त.

"रक्त जळत नाही, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "बरं, मग अन्न म्हण." तेही मला पटलं नाही. मला इंजिन इंजिन म्हणूनच हवं होतं.

ते असं आहे. जाड लोखंडात कोरलेल्या चार उभ्या नळ्या असतात, ते सिलिंडर. प्रत्येकात एक दट्ट्या, रंगपंचमीच्या पिचकारीत असतो तसा, पण कुणी हाताने न ढकलता वर-खाली धावणारा. दट्ट्याच्या अंगाला बिडाच्या कड्या घट्ट बसवलेल्या असतात. त्यांच्यामुळे वरची हवा खाली निसटत नाही. खाली दट्ट्याला एक दांडा जोडलेला असतो आणि तो दांडा एक वाकडातिकडा आस फिरवतो. वर-खाली जाण्याचं गोल फिरणं कसं होतं हे मला पुस्तकातल्या आकृतीवरून उमगलं नाही. आईला शिवणयंत्रावर बसलेलं पाहिलं तेव्हा उमगलं. पाय नुसते वर-खाली होतात, आणि दांडीमुळे चाक फिरतं. मोटारीत पाय नाहीत, त्याऐवजी आग आहे.

सिलिंडरला दोन झडपा, एक आत घेणारी, एक बाहेर टाकणारी. कार्बोरेटर हा पितळेचा छोटा डबा. त्यात एक तरंगता गोळा असतो. पेट्रोल पुरेसं झालं की तो वर येऊन वाट बंद करतो. डब्याच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते आणि जाताना पेट्रोलचे बारीक तुषार ओढून नेते. बाबांकडे घशात औषध फवारायची बाटली होती, अगदी तसंच. तेव्हा आत जातं ते पेट्रोल नसतं, पेट्रोलने भिजलेली हवा असते.

मग दट्ट्याच्या चार फेऱ्या. तो खाली जातो, आत घेणारी झडप उघडी असते, हवा ओढली जाते. तो वर येतो, दोन्ही झडपा बंद, हवा दाबली जाते. बरोबर त्या वेळी वर बसवलेल्या प्लगमध्ये ठिणगी पडते, भडका होतो आणि दट्ट्या खाली फेकला जातो. तो पुन्हा वर येतो, दुसरी झडप उघडते, धूर बाहेर. पुस्तकात या चार फेऱ्यांना लांबलचक नावं होती. मी माझी दिली: ओढ, दाब, भडका, धूर. चारांतली एकच फेरी कामाची, बाकी तीन तिच्या जोरावर चालतात. म्हणून सिलिंडर चार, आळीपाळीने पेटणारे, आणि म्हणून मागे ते जड चाक, जे एकदा फिरलं की मधल्या फेऱ्या आपल्या वजनाने ओढून नेतं. झडपांचं उघडणं-मिटणं, ठिणगीचं पडणं, सगळं त्याच आसाला दात्यांनी जोडलेलं. कुणी कुणाची वाट पाहत नाही, तरी कुणी चुकत नाही. घरात इतकी माणसं असून असं कधी होत नसे.

ठिणगी येते मॅग्नेटोतून. त्यात लोहचुंबकाशेजारी तारेचं भेंडोळं फिरतं आणि वीज तयार होते. ती चार तारांनी चार प्लगांकडे जाते. प्लग म्हणजे चिनीमातीची पांढरी बोंडं, मधून एक लोखंडी सळई गेलेली. खालच्या टोकाला केसाएवढी फट असते. विजेने ती फट उडी मारून ओलांडली की ठिणगी. चिनीमाती कशाला, तर वीज वाटेतच बाजूच्या लोखंडात उतरू नये म्हणून.

आणि मनगट? स्टिअरिंगच्या चाकावर एक छोटी दांडी होती. ती एकीकडे सरकवली की ठिणगी लवकर पडे, दुसरीकडे सरकवली की उशिरा. गाडी पळत असताना ठिणगी लवकर हवी, कारण हवा पेटायलाही क्षणभर लागतो. पण हँडल मारताना ती उशिराच हवी. त्या मंगळवारी दांडी लवकरवर राहून गेली होती. दट्ट्या अजून वर येत असतानाच भडका झाला आणि त्याने दट्ट्याला उलटं खाली ढकललं. आतला तो दुसरा जोर हाच होता. हे समजलं तेव्हा मला भीती वाटायची थांबली. चिडकं जनावर आहे म्हणून मारत नाही ते. दांडी जिथे ठेवाल तसं वागतं.

प्लास्टर निघालं तोवर मी गाडी चालवायला लागले होते. आधी कंपाउंडात, मग खंडाळ्यापर्यंत. बाबांनी पुण्याला नेऊन मला परवाना काढून दिला. काकांनी तो हातात घेऊन मागून-पुढून पाहिला.

"कागद ठीक आहे. रस्त्यात बंद पडली तर कागद ढकलणार का?"

"बंद पडणार नाही," मी म्हटलं.

त्यावर त्यांनी अट घातली. दसरा मंगळवारीच येत होता आणि पावसाळ्यानंतरचा टाकव्याचा पहिला दवाखाना त्याच दिवशी होता. मी बाबांना नेऊन आणावं. काका मागच्या सीटवर बसतील. जाता-येता गाडी ढकलायला-ओढायला एकदाही कुणाचा हात किंवा बैल लागला, तर दुसऱ्या दिवशी तळेगावचा माणूस येईल आणि ती घेऊन जाईल. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं.

जाताना काही झालं नाही. कामशेत मागे पडलं, कान्ह्याचं रेल्वेफाटक ओलांडलं, दोन्ही बाजूंना भात निसवून लोंब्या आल्या होत्या आणि आंबेमोहोराचा वास गाडीत येत होता. गावाबाहेरच्या चढाला इंजिन थंड ठेवणारं पाणी तापलं, म्हणून चावडीपुढे गाडी उभी केल्यावर मी इंजिनावरच्या झाकणाची एक बाजू निवायला उघडी टाकली आणि बाबांच्या मदतीला आत गेले. चार महिन्यांचे रोगी एकाच दिवशी आले होते. मी बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवत होते, बाबांना उजव्या हाताने बाटली धरवत नव्हती तिथे धरत होते. काका पाटलांच्या ओट्यावर चहा घेत होते.

दुपार कलली, दोनच रोगी राहिले, तेव्हा निघायच्या तयारीला मी बाहेर आले आणि माझ्यामागून बाबाही. गाडीला झेंडूचा हार होता, दिव्यांवर कुंकवाची बोटं. दसऱ्याला अवजारांची पूजा होतेच. नांगर, कुळव, विळे सगळ्या दारांत मांडलेले होते. झाकण कुणीतरी नीट लावून टाकलं होतं. मला बरंच वाटलं. दांडी उशिरावर आहे हे पाहिलं आणि अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवून, म्हणजे हँडल उलटलं तर हात सुटेल असा, हँडल ओढलं.

काही नाही.

पुन्हा ओढलं. पुन्हा. आतून एक सुस्कारा आला फक्त.

माणसं जमली. दसऱ्याचा दिवस, कुणाला घाई नव्हती.

"रुसली जनू."

"आज शीव वलांडायचा दिस, आन गाडी शिवंच्या आतच बसली!"

"दाक्तर, तिलाच येक विंजेक्शन द्या की!"

सगळे हसले, बाबाही हसले. काका ओट्यावरून उठून आले. ते आनंदले होते असं मी म्हणणार नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावर हिशेब जुळल्याचं समाधान होतं. "पाटील, एक बैलजोडी मिळेल का?"

"काका, थांबा," मी म्हटलं. माझा आवाज मला वाटला त्याहून मोठा निघाला. "बाबांचे दोन रोगी राहिलेत. ते होईपर्यंत थांबा."

"दोन रोग्यांत काय होणार आहे?"

 बाबा परत चावडीत गेले. मी हँडलाजवळ उभी राहून माझे चार शब्द मनात फिरवले. ओढ: मघाच्या फेऱ्यांनंतर पेट्रोलचा वास येत होता, म्हणजे हवा भिजून आत जात होती. दाब: हँडल सावकाश फिरवलं तर अर्ध्या फेरीत हाताला घट्ट अडथळा लागे, मग सुटे, मग पुन्हा लागे. असं चारही वेळा झालं. म्हणजे कड्या आणि झडपा ठीक. धूर तर भडक्यानंतरचा. राहिला भडका. सकाळी लोणावळ्यापासून इथवर तो नीट होत आला होता. तेव्हा गाडी नुसती उभी असताना मॅग्नेटो मरणार नाही. ठिणगी मॅग्नेटोतून निघते, पण प्लगपर्यंत पोचत नाही.

मी झाकण उघडलं.

चारही प्लग हळदीकुंकवाने माखलेले होते. ओलं कालवलेलं हळदीकुंकू, वरपासून खालच्या लोखंडापर्यंत ओघळलेलं, प्रत्येकाच्या डोक्यावर झेंडूची पाकळी. वरून तांब्याने पाणीही घातलेलं असावं. खाचेत पाणी साचलं होतं. चिनीमाती कुठेच दिसत नव्हती. वीज त्या ओल्या ओघळांवरून सरळ लोखंडात उतरत होती. केसाएवढी फट ओलांडायचे कष्ट तिने का घ्यावेत?

"ही पूजा कुणी केली?" मी विचारलं.

गर्दीतून एक म्हातारी पुढे आली. हातात अजून तांब्या होता. "म्या केली, ताई. तुमी निघनार म्हनलं, म्हनून आत्ताच केली. मशिनीचं दार उगडं दिसलं. आत बघते तर चार देव वळीनं बसल्यालं! आमच्या बांधावर बी साती आसरा अशाच बसल्यात. म्हनलं, नुस्त्या दिव्याला कुकू लावून काय व्हतंय, देव तर हितं आत हाय." मग जराशा अभिमानाने, "दार बी म्याच लावलं. देवाला उगडं ठिवू न्हाई."

काका माझ्या मागे येऊन उभे होते. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "आता पूस म्हणावं तिला," ते पुटपुटले. "की मी सांगू?"

मला ठाऊक होतं, काका कसे सांगतील ते. आणि हेही ठाऊक होतं की दसऱ्याच्या दिवशी, चार माणसांत, या बाईने वाहिलेलं कुंकू मी चिंध्यांनी पुसून काढलं, तर पुढच्या मंगळवारी गाडी आली काय न आली काय, ती बाबांकडे येणार नाही. मी तोंड उघडलं आणि आधी इंग्रजी शब्दच आले.

"मावशी, हे प्लग आहेत. हे इन्सुलेट... म्हणजे, यांतून स्पार्क..."

"बोला, मडमबाई," काका मागून हळूच म्हणाले.

"पलक म्हंजी?" म्हातारीने विचारलं. बाजूचा एक जण म्हणाला, "पलंग, मावशे, पलंग!" पुन्हा हशा.

पटक्यातला एक म्हातारा इंजिनाजवळ बसून हे सगळं पाहत होता. त्याच्या कमरेला बटवा होता, बिडी पेटवायच्या चकमकीचा. मघापासून त्याने तिच्यावर दोन बिड्या पेटवल्या होत्या. गारगोटीवर पोलाद घासायचं, ठिणगी पडते, खालचा कापूस पेट धरतो. तो शब्द माझ्या तोंडी कधीच नव्हता, पण तो माझ्यासमोरच होता.

"मावशी, ही चकमक आहे," मी म्हटलं. "या आबांच्या बटव्यात आहे ना, तशी. आत चार चकमकी आहेत. एकेकीतून ठिणगी पडते, आत जाळ होतो, त्या जाळावर गाडी चालते."

म्हातारी पुढे झुकली. "ह्या चकमकी हायेत?"

"हो."

"आन म्या त्या वल्या केल्या?"

"हो."

"आगं बया!" तिने तांब्या खाली ठेवला. "वल्या चकमकीनं कापूस धरंल व्हय! मंग हे आदी न्हाई का सांगायचं? पलक पलक काय करत व्हतीस?"

"आवं मावशे," आबा बिडी बाजूला करत म्हणाले, "तुमी पावसाळा आनला की दसऱ्याला."

"तू गप. तुज्या चकमकीला कुनी कधी कुकू लावलंय का?" तिने पदराचं कोरडं टोक हातात घेतलं. मी हात पुढे केला तर तिने तो बाजूला सारला. "म्या लावलंय, म्याच काडीन. चकमक देव न्हाई आसं कोन म्हनतंय? पन ज्या देवाला जे मानवंल तेच करावं मान्सानं."

तिने चारही प्लग पुसले. मी तारा एकेक करून सुट्या केल्या, पेट्रोलमध्ये बुडवलेल्या फडक्याने चिनीमाती पांढरी होईपर्यंत घासली, खाचेतलं पाणी टिपलं, आणि कुठली तार कुठे होती हे पाहून परत लावली. पेट्रोल उडून जाईस्तोवर थांबले. तिला हवं म्हणून पुढच्या चाकावर नवं कुंकू लावू दिलं. बाबा शेवटचा रोगी करून बाहेर आले, तेव्हा मी हँडलाला हात घालत होते.

पहिल्या ओढीला इंजिन खोकलं. दुसऱ्या ओढीला चालू झालं.

"चाललं!" कुणीतरी ओरडलं.  म्हातारीने इंजिनाकडे पाहून, दृष्ट काढावी तशी, दोन्ही हातांची बोटं कानशिलांवर मोडली. तिने बाबांच्या हातात आपट्याची पानं दिली, मग माझ्या, मग, थोडी थांबून, काकांच्या.

आम्ही परत निघालो. कान्ह्याचं फाटक बंद मिळालं, आगगाडी यायची होती. मी इंजिन बंद करायला हात नेला.

"राहू दे ना चालू," काका मागून म्हणाले. "इथे पुन्हा अडलं म्हणजे? फाटकवाला ढकलायला येणार नाही."

"पेट्रोल जळतं, काका," मी म्हटलं आणि बंद केलं.

आगगाडी गेली, फाटक उघडलं. मी उतरले, दांडी पाहिली, हँडल ओढलं. एकाच ओढीत. मी आत येऊन बसले, तेव्हा बाबा खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांचे खांदे हसण्याने हलत होते.

काकांनी आधीच बोलावून ठेवलेले तळेगावचे व्यापारी दुसऱ्या दिवशी आले. मी आतल्या खोलीत होते, दार लोटलेलं होतं. काकांनी त्यांना चहा दिला, पिकाच्या गोष्टी केल्या, मग म्हणाले, "गाडीचं मात्र राहू द्या. मंगळवारी लागते ती."

"पण डॉक्टरांचा हात तर..." व्यापारी म्हणाले. "मग चालवतं कोण?"

 कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आहे की घरातलं माणूस," ते म्हणाले. "बंद पडली तर का पडली तेसुद्धा सांगतं."